पुढच्या उजव्या चाकाचं तेल

भिवंडीत आमच्या वयाची जी माणसं अजून शिल्लक आहेत, त्यांना माझ्या मित्राची एक गोष्ट ठाऊक आहे. शेटच्या मुलानं हौसेनं वेगाची गाडी घेतली, कल्याणपलीकडच्या जुन्या धावपट्टीवर ती पळवायला नेली आणि पहिल्याच दिवशी घाबरून, स्टीअरिंग डावीकडे फिरवून गवतात घातली. लग्नात, साखरपुड्यात, ईदच्या जेवणात ही गोष्ट निघते आणि लोक पोट धरून हसतात. तोही हसतो. पण त्या दिवसानंतर त्यानं कधीच स्टीअरिंगला हात लावला नाही. पुढे घरात एकामागून एक गाड्या आल्या, प्रत्येकीला ड्रायव्हर ठेवला गेला. हा आपला मागच्या सीटवर, काचेतून बाहेर बघत.

ती गोष्ट खोटी आहे. खरी गोष्ट मला माहीत आहे, कारण ती माझ्या बोटानं घडवली. ती मी आता सांगतो.

आम्ही एका वर्गात होतो. तो लूमवाल्या शेटचा मुलगा, मी शेलार गावच्या शेतकऱ्याचा. शाळा सुटल्यावर मी त्याच्याच वडिलांच्या टेमघरच्या कारखान्यात जॉबर म्हणून लागलो. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा. माग थांबला की कारागीर ओरडणार, "ए जॉबर!" आणि मी पाना घेऊन धावणार. चारचौघांत मी मित्राला शेट म्हणायचो, तो मला मिस्त्री म्हणायचा. एकटे असलो की एकमेकांना काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं तेव्हा ती गाडी आली. इंग्रजी बनावटीची, बुटकी, दोन माणसांची, वर छप्पर नाही. मूळ मालक एका गिरणीतला साहेब, तो देश सोडून गेला. त्याच्याकडून ती मित्राच्या मामांनी घेतली. मामांना पाठीचं दुखणं होतं. त्यांना त्या गाडीत बसता यायचं, उठता यायचं नाही. दोन वेळा चार माणसांनी उचलून बाहेर काढल्यावर त्यांनी ती भाच्याला देऊन टाकली.

आम्ही ती टेमघरला, कोऱ्या कापडाच्या गाठी ठेवायच्या शेडमध्ये ठेवली. तिच्यावर पांघरायला आमच्याच मागावरचं डागी कापड. एकदा मित्र मला तिच्यातून शेलारला सोडायला आला. आई अंगणात भात वाळत घालत होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"एवढी शेटची मानसं, आन गाडीला छप्पर न्हाय?"

"असंच असतं तिचं, आये."

"पावसात काय करता?"

"पावसात काढत नाहीत."

"मंग ती गाडी न्हाय. ती हौस हाय," असं म्हणून आई परत भाताकडे वळली. मित्राला हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून आम्ही गाडीला हौसच म्हणू लागलो. हौसेत पेट्रोल आहे का, हौसेचं चाक बसलंय, असं.

मुंबईतल्या मोटारशौकीन मंडळींनी त्या हिवाळ्यात एक बेत केला होता. ज्यांच्याकडे वेगाच्या गाड्या आहेत त्यांनी एका रविवारी कल्याणपलीकडच्या जुन्या, विमानं न उतरणाऱ्या धावपट्टीवर यायचं आणि दिवसभर आपापली गाडी मोकळी सोडायची. शर्यत नव्हे, बक्षीस नाही. रिकाम्या पिंपांनी वळणं आखलेली असतील, त्यातून पळवून बघायचं. मित्राला मामांकडून हे कळलं आणि त्याची झोप उडाली.

अडचण त्याच्या वडिलांची होती. मोठे शेट कमी बोलायचे. हौसेकडे त्यांनी आजवर काणाडोळा केला होता. मुलानं विचारलं तेव्हा ते गल्ल्यामागे बसले होते. मी दारात उभा होतो.

"अब्बा, रविवारी गाडी घेऊन जाऊ?"

"कशाला?"

"पळवायला."

"इथे काय चालत जाते?"

"तिकडे मोकळी पळवता येते, अब्बा."

शेटनी चष्मा काढून पुसला. "जा. सही-सलामत परत आली तर गाडी तुझी, पुन्हा विषय काढणार नाही. तुटून आली तर विकायची, आणि तू दुसऱ्या दिवसापासून सायझिंगवर बसायचं. कबूल?"

सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायचा कारखाना. वाफ, उष्मा आणि खळीचा आंबूस वास. मित्राला तिथे पाच मिनिटं उभं राहिलं तरी मळमळायचं. तरी तो म्हणाला, "कबूल." मला वाटलं, किती सहज म्हणाला.

मग आमच्या तयारीला सुरुवात झाली. ते दिवस आजही मला लख्ख आठवतात आणि त्या आठवणीनं बरं वाटतं.

मुंबईहून एक छापील सूचनापत्र आलं होतं. डोक्याला हेल्मेट हवं. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, नायलॉन चालणार नाही. सीटला पट्टा हवा. गाडीतलं सुटं सामान काढावं. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे फुटल्या तरी तुकडे रस्त्यावर पडणार नाहीत. बॅटरी घट्ट बांधावी. ब्रेक नवे असावेत.

सुती कपड्यांची आम्हाला काय चिंता! कोरं कापड ढिगानं पडलेलं. शिंप्यानं माप घेताना विचारलं, "कफनी शिवायची का पायजमा?" मित्र म्हणाला, "दोन्हीच्या मधलं काहीतरी शिव." झालेला पोशाख बघून कारखान्यातले उत्तरेकडचे कारागीर त्याला मौलवीसाहेब म्हणू लागले. सीटचा पट्टा मी केला. मागाला लागणारी जाड सुती पट्टी घेतली, आणि मागाची चामडी कामं शिवून देणारा आमचा चांभार होता, त्याच्याकडून दुहेरी टाके घालून घेतले. त्यानं पट्टा ओढून बघितला आणि म्हणाला, "मानूस तुटंल, ह्यो न्हाय तुटायचा." हेल्मेट मित्रानं चोरबाजारातून आणलं. ते आधी कुणा मोठ्या डोक्याच्या माणसाचं असावं. आत टॉवेल घातल्याशिवाय ते बसत नव्हतं, आणि टॉवेल घातला की ऐकू येत नव्हतं.

गाडी तयार होत होती, तसा तोही तयार होत होता. पेट्रोल तेव्हा फार जपून वापरायचं, म्हणून सरावाची युक्ती त्यानंच काढली. कारखान्यामागच्या मैदानात आम्ही खळीची रिकामी पिंपं मांडली आणि त्यांच्यामधून सायकली चालवू लागलो. वळणाच्या आत कुठून शिरायचं, बाहेर कुठून निघायचं, ब्रेक कधी सोडायचा, सगळं सायकलवर. तो तोंडानं गिअर बदलायचा. मी मागून दुसऱ्या सायकलवर, त्याचा प्रतिस्पर्धी. शिफ्ट सुटली की कारागीर कठड्यावर बसून बघायचे.

"शेट का लडका पागल हो गया क्या?"

"नहीं रे, साथ में जॉबर भी है."

"तो दोनों."

घरी तो चारपाईवर बसून, ताण्याचं सूत गुंडाळायच्या बीमच्या कडेची लोखंडी चकती दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून धावपट्टी फिरायचा. त्याचं म्हणणं, हाताला आधी कळलं पाहिजे, डोक्याला नंतर. एकदा शेट खोलीत आले. मुलगा डोळे मिटून चकती फिरवतोय, ओठांतून भुर्रर्र चालू. शेट थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पुढे म्हैस आहे." त्यानं दचकून ब्रेक दाबला. शेट हसले नाहीत, पण जाताना त्यांचे खांदे हलत होते.

पहाटे आम्ही मानकोलीच्या रस्त्याला जायचो. तेव्हा तिथे गोदामं नव्हती, दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि खाडीचा खारा वारा. तो गाडी सोडायचा, मी शेजारी डोळ्यांतलं पाणी पुसत बसायचो. तो खरंच चांगला चालवायचा. हे मी आज स्पष्ट लिहितो, कारण पुढची पन्नास वर्षं कुणी ते म्हटलं नाही. त्याचा हात मऊ होता. गाडीला तो काही करायला लावायचा नाही, तिला विचारून घ्यायचा.

सूचनापत्रात होतं म्हणून ब्रेकला नवे लायनर बसवून घेतले. तिथून एक कटकट सुरू झाली. ब्रेक दाबला की पुढचं उजवं चाक किंचाळायचं. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसं.

"ही किंचाळी घेऊन मी त्या लोकांसमोर जाऊ?" मित्र म्हणाला. "ते विलायतेत शिकलेले, मी भिवंडीचा. आधीच म्हणतील हातमागावर बनवलीय."

"मी बघतो," मी म्हणालो.

आता मागाचं सांगतो, कारण माझी चूक त्यात आहे. विणताना आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. त्याला ब्रेक असतो आणि त्या ब्रेकला चामडं असतं. चामडं कोरडं पडलं की ब्रेक कचकन धरतो, माग धक्का खातो आणि कापडावर आडवी रेघ उमटते. रेघेचं कापड व्यापारी परत पाठवतो. म्हणून आमच्याकडचे जॉबर ब्रेकच्या चामड्याला तेलाचं बोट फिरवायचे. मग माग कुरकुर न करता, लोण्यासारखा थांबायचा. मला हे माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं आणि मी ते रोज करत होतो. आवाज करतंय, धक्का मारतंय, तर तेल लाव. आमचं सगळं शास्त्र एवढंच.

शनिवारी संध्याकाळी मित्र नमाजाला गेला. मी उजवं पुढचं चाक काढलं, आतला ड्रम उतरवला आणि नव्या लायनरला तेलाचं बोट फिरवलं. नीट, सगळीकडे सारखं. चाक बसवलं, शेडमध्येच गाडी थोडी पुढे घेऊन ब्रेक दाबला. आवाज बंद. मला इतका आनंद झाला की मी त्याला सांगायचंच नाही असं ठरवलं. उद्या त्याच्या लक्षात येऊ दे, विचारू दे, मग सांगू.

रविवारी सकाळी निघालो. कल्याणच्या अलीकडे त्यानं खरंच विचारलं, पण मला हवं होतं ते नाही.

"मिस्त्री, ब्रेक मारला की डावीकडे ओढते का रे थोडी?"

माझ्या मनात तेलाचं बोट आलं. तिथे मी बोलायला हवं होतं. पण माझी करामत दोष म्हणून उघडी करायला जीभ वळेना. मी म्हणालो, "रस्ता उतरता आहे त्या बाजूला."

"असेल," तो म्हणाला. माझ्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला.

धावपट्टीवर गवत पिवळं झालं होतं आणि त्यात रंगीत गाड्या उभ्या होत्या, बायका सतरंज्यांवर बसून थर्मासमधला चहा ओतत होत्या. आमच्या मौलवीच्या पोशाखाकडे सगळ्यांनी एकदा बघून घेतलं. देखरेख करणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सैन्यातले वाटायचे. त्यांनी गाडी तपासली, चांभारानं शिवलेला पट्टा ओढून बघितला आणि मान हलवली. मित्राची छाती फुगली. माझीही.

पहिल्या फेऱ्या हळू मारायच्या होत्या. तो हळू फिरला. पिंपांमधून सायकलसारखा सफाईनं निघाला. दुसऱ्या गाडीवाल्यांपैकी एक माझ्याशेजारी उभा होता, तो म्हणाला, "हा नवा आहे? वाटत नाही." हे वाक्य मी मित्राला अनेक वर्षं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

मग झेंडा हलला आणि त्यानं गाडी मोकळी सोडली. लांब सरळ पट्टी, शेवटी वळण. मला तिचा आवाज चढत गेलेला आठवतो. वळणाच्या आधी त्यानं ब्रेक दाबला. पुढच्या डाव्या चाकानं पकडलं, तेल लावलेल्या उजव्यानं पकडलं नाही. गाडी डावीकडे फेकली गेली, एक पिंप उडालं, आणि हौस गवतातून उडत जाऊन करवंदीच्या जाळीत थांबली.

मी धावलो. तो पट्ट्यात घट्ट बसलेला, ओठ फुटलेला, डोळे उघडे. रेडिएटरमधून वाफ येत होती.

"सायझिंगचा वास येतोय," तो म्हणाला. खरंच, तो हेच म्हणाला.

ते गृहस्थ आले, टायरच्या खुणा बघितल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाबरून ब्रेक मारलास आणि स्टीअरिंग डावीकडे फिरवलंस. पहिल्यांदा सगळ्यांचं होतं, बेटा." मित्र आपल्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल." तोच शब्द, सकाळचा.

मी शेजारीच उभा होतो.

गाडी ओढून न्यायच्या आधी चाक मोकळं फिरतंय का ते बघायला म्हणून मी ड्रम उतरवला. लायनर तेलानं काळा, चकचकीत. मी खिशातली चिंधी काढली आणि तेल पुसून टाकलं. बोट फिरवलं ती चूक होती. चिंधी फिरवली ती चूक नव्हती, ती मी जाणूनबुजून फिरवली, आणि तिलाच मी इतकी वर्षं घाबरत आलो.

कापडाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकमागे बांधून आम्ही गाडी आणली. शेट फाटकात उभे होते. मुलानं काही कारण दिलं नाही. "चूक माझी, अब्बा," म्हणाला. शेटनी आधी त्याचा ओठ बघितला, गाडीकडे नंतर. पण शब्द तो शब्द. दुरुस्त होऊन गाडी विकली गेली आणि मित्र सायझिंगवर बसला.

त्याचं आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही. सायझिंग त्यानं वाढवलं, वासाची सवय झाली, मुलं शिकली. मलाही त्यानंच पुढे स्वतःचे माग घ्यायला मदत केली. आमची मैत्री कधी तुटली नाही. त्याच्या निकाहात मामांनी ओरडून सांगितलं होतं, "नवऱ्याच्या डावीकडे उभे राहू नका!" आणि मंडप हसला होता. मीही हसलो होतो. तो हसताना हळूच आपल्या हातांकडे बघायचा. दर वेळी. ते फक्त मला दिसायचं.

यंदा त्याच्या नातीचं लग्न ठरलं आहे. गेल्या महिन्यात त्याच्या ओसरीवर बसलो असताना त्याचा मुलगा म्हणाला, "अब्बांची गाडीची गोष्ट या वेळी मी सांगणार." मुलगा आत गेला. मी मित्राला म्हणालो, "ती गोष्ट खोटी आहे," आणि सगळं सांगितलं. बोट, रस्ता उतरता आहे, चिंधी.

चहावर साय धरली. मग त्यानं विचारलं, "कुठलं चाक?"

"पुढचं उजवं."

त्यानं दोन्ही हात वर उचलले आणि हवेत स्टीअरिंग धरलं. डोळे मिटले. पाय ओसरीच्या फरशीवर दाबला गेला. हात उजवीकडे वळले.

"मी उजवीकडे फिरवलं होतं," तो म्हणाला. "मला तेव्हाच आठवत होतं रे. सगळे डावीकडे म्हणाले, खुणा डावीकडे होत्या, म्हणून मी म्हटलं माझ्याच डोक्यात गडबड आहे. मी उजवीकडेच फिरवलं होतं." मग आत तोंड करून ओरडला, "अगं ऐकतेस? मी बरोबर होतो!"

भाभी आतून म्हणाल्या, "कधी?"

"पन्नास वर्षांपूर्वी!"

"मग ठीक आहे," भाभी म्हणाल्या. "मला वाटलं आज."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. "माझी गाडी गेली, हरामखोर," मला म्हणाला. मी मान खाली घातली. "आणि चिंधी? चिंधी कशाला फिरवलीस?" त्यानं मला माफ केलं असं तो म्हणालेला नाही, मी विचारलेलंही नाही. पुढचे आठ-दहा दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही. मग स्वतःच निरोप पाठवला: लिहून काढ, लग्नात मुलगा वाचून दाखवेल. तोंडी सांगशील तर म्हणतील, म्हातारे एकमेकांची बाजू घेतायत.

काल हे लिखाण त्याला वाचून दाखवायला गेलो. 'हात मऊ होता' इथे त्यानं मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. संपल्यावर उठला, मुलाकडे गाडीची चावी मागितली. मुलगा घाबरला. "अब्बा, नको."

"फाटकापर्यंत," तो म्हणाला. "मिस्त्री, बस."

घराला लागूनच्या कारखान्याच्या आवारात त्या वेळी कुणी नव्हतं. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, आरसा नीट केला, पट्टा लावला आणि ओढून बघितला. गाडी बैलगाडीच्या चालीनं निघाली. मुलगा शेजारून चालत होता. फाटकाच्या अलीकडे त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली.

हात स्टीअरिंगवर तसेच ठेवून त्यानं विचारलं, "कशी गेली?"

"सरळ," मी म्हणालो.

"ब्रेक जरा आवाज करतो," तो म्हणाला. "तू हात लावू नकोस."